हरलेल्या बोलीचे पैसे कुठे जातात?

प्रश्न : आमच्या शाळेला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं पूर्ण होतील. त्यानिमित्त माजी विद्यार्थी संघाने ग्रंथालयाची खोली बांधून द्यायचं मनावर घेतलं आहे. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरण्याचा आता सगळ्यांनाच कंटाळा आला आहे, म्हणून लिलावाची कल्पना पुढे आली. ग्रामदैवताच्या जत्रेत मानाच्या नारळाची बोली हजारांत जाते, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण वर्गणीचे पाचशे रुपये देताना दहा वेळा विचार करणारा माणूस नारळाला पाच हजार कसा बोलतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. देवाच्या दारात जे होतं ते शाळेच्या पटांगणात होईल का? आणि करायचाच झाला तर तयारी कुठून सुरू करायची?
— एक माजी विद्यार्थिनी, संगमेश्वर तालुका

उत्तर : आधी नारळाचं पाहू. वर्गणी दारात, दोघातिघांसमोर दिली जाते. पावतीपुस्तक हातात आलं की माणूस मागची दोन पानं उलटून शेजाऱ्याचा आकडा बघतो. त्याने पाचशे दिले असतील तर आपणही पाचशे. त्याच्यावर जायचं काही कारण नसतं आणि खाली यायची लाज वाटते. बोलीचा नियमच उलटा आहे. तिथे आधीच्या आकड्यावर गेल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. शिवाय सगळं गावासमोर चालतं, नाव पुकारलं जातं, आणि यंदाचा नारळ कोणाकडे गेला हे पुढच्या जत्रेपर्यंत लोकांच्या लक्षात राहतं. पैसे दानाचेच असतात, पण त्यांच्यासोबत मान मिळतो आणि हातात काहीतरी घेऊन घरी जाता येतं.

ही रीत आपल्याकडे मुरलेली आहे. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात जोड रंगली की प्रेक्षकांतून इनामात भर पडू लागते आणि निवेदक लगेच देणाऱ्याचं नाव पुकारतो. गोव्यात देवळातल्या उत्सवानंतर देवाला वाहिलेल्या वस्तूंची पावणी, म्हणजे लिलाव, होते. मुंबईत लालबागचा राजा मंडळ विसर्जनानंतर भक्तांनी वाहिलेल्या सोन्याचांदीचा जाहीर लिलाव करतं. हैदराबादजवळच्या बालापूरला गणपतीच्या लाडूची बोली १९९४ साली ४५० रुपयांपासून सुरू झाली. २०२४ साली तो लाडू ३० लाख १ हजार रुपयांना गेला. त्या पैशातून गावाची कामं होतात.

या सगळ्यांत देव आहे, हे खरं. पण देव नसतानाही बोली चढते. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींनी अस्पृश्यता निवारणासाठी वर्ध्याहून हरिजन दौरा सुरू केला. वाटेतल्या सभांमध्ये मिळालेली मानपत्रं, भेटवस्तू ते तिथल्या तिथे लिलावात काढत. स्वाक्षरी हवी असेल तर पाच रुपये मोजावे लागत. जुलै १९३४ मध्ये दौरा संपला तेव्हा हरिजन फंडात सुमारे आठ लाख रुपये जमले होते, आणि ते त्या काळचे आठ लाख! एका गावाने दिलेलं मानपत्र त्याच गावातला माणूस पैसे मोजून परत घेत होता. मानपत्राच्या कागदाला तशी काय किंमत? लोक त्या कामात आपला वाटा घेत होते. तुमच्या शाळेविषयी गावाला तेवढी आपुलकी असेल, तर पटांगणात बोली नक्की चढेल.

आता ज्या गोष्टीकडे लिलाव भरवणाऱ्यांचं फारसं लक्ष जात नाही, तिच्याकडे वळतो. माझ्या मते तुमची सगळी आखणी तिच्यावरच उभी राहायला हवी. समजा, आंब्याच्या पेटीला दोघे भिडले. एक नऊ हजारांवर थांबला, दुसऱ्याने दहा हजारांना पेटी नेली. शाळेला दहा हजार मिळाले, टाळ्या झाल्या. पण शाळेसाठी नऊ हजार खर्चायला तयार असलेला माणूस एक रुपयाही न देता घरी गेला. दहा वस्तूंच्या लिलावात असे किती जण रिकाम्या हाताने परततात, ते मोजून पाहा. बाजारातल्या लिलावात याचं दुःख नसतं, कारण विकणाऱ्याला आपला माल एकदाच विकायचा असतो. तुम्हाला मात्र माल विकायचा नाही, ग्रंथालय बांधायचं आहे.

यावर अर्थशास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. २००५ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’मध्ये गोरे, मासलंड, ऑन्डरस्टाल आणि टर्नर या चौघांचा एक लेख आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. धर्मादाय लिलावात हरणाऱ्यालाही थोडं समाधान मिळतं, कारण जिंकणाऱ्याचे पैसे त्याच्याही आवडत्या कामाला जातात. त्यामुळे आपण बोली वाढवून दुसऱ्याला मागे सारलं, तर त्याचे पैसे कामाला मिळायचे थांबतात. हा हिशोब कोणी कागदावर मांडत नाही, पण मनात कुठेतरी असतो आणि बोली थंडावते. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे ज्याने बोली लावली त्याने ती भरायचीच, मग वस्तू मिळो वा न मिळो.

कागदावर हे बिनतोड वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, ते अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात काही बालवाड्यांच्या निधीसाठी भरवलेल्या लिलावांत तपासलं गेलं. कार्पेंटर, होम्स आणि मॅथ्यूज यांनी केलेला तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ‘हरलात तरी भरा’ असा नियम ठेवला तिथे बोली लावायला माणसंच कमी पुढे आली, आणि जिंकणाऱ्यानेच भरायचं ही साधी पद्धत जास्त पैसे देऊन गेली. मला याचं नवल वाटत नाही. दान सक्तीचं झालं की माणूस हात मागे घेतो.

मग हरणाऱ्याचे पैसे शाळेपर्यंत कसे आणायचे? याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उत्तर काश्मीरमधल्या एका खेड्यातलं आहे. एप्रिल २०२४. बारामुल्ला जिल्ह्यात सोपोरजवळच्या मालपोरा गावी मशिदीचं बांधकाम चाललं होतं आणि लोक पैसा, धान्य, जे जमेल ते देत होते. एकाने कोंबडीचं एक अंडं आणून दिलं. समितीने तेही लिलावात काढलं. ज्याने ते घेतलं त्याने पैसे भरले आणि अंडं समितीला परत देऊन टाकलं. पुन्हा बोली, पुन्हा परत. तीन दिवस ते अंडं गावात हातोहात फिरत राहिलं. शेवटची बोली सत्तर हजारांची झाली आणि त्या एका अंड्यावर सव्वादोन लाखांहून जास्त रुपये जमले. इथे कोणीच हरलं नाही. ज्याला द्यायचे होते त्या प्रत्येकाला देता आले आणि कोणावर नियमाची सक्ती नव्हती.

पहिला उपाय हाच : तुमच्या लिलावात अशी फिरणारी एखादी वस्तू हवीच. शाळेची घंटा डोळ्यांसमोर येते, पण ती विकता येणार नाही. ती शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आहे आणि शाळेची मालमत्ता बोलीला काढण्याचा अधिकार माजी विद्यार्थ्यांना नाही. मात्र पुढच्या १५ ऑगस्टला सकाळी ती घंटा वाजवण्याचा मान मुख्याध्यापकांच्या संमतीने बोलीला ठेवता येईल. आणि जो जिंकेल त्याला व्यासपीठावरूनच विचारायचं : मान तुम्ही ठेवता, की पैसे शाळेला देऊन मान पुन्हा फिरवता? पहिल्या दोघातिघांशी आधी बोलून ठेवलंत तर ते ‘फिरवा’ म्हणतील, आणि पुढच्यांना वाट दिसेल.

दुसरा उपाय याहून सोपा. दोन बोली लावणारे वरच्या आकड्यावर भिडले आणि एकाने हात टेकले, तर वस्तू देणाऱ्याकडे वळून विचारायचं की अशीच आणखी एक देता येईल का. आंबेवाला दुसरी पेटी सहज देईल. मग हरणाऱ्याला त्याच्याच शेवटच्या आकड्याला दुसरी पेटी. वरच्या उदाहरणात शाळेला दहाऐवजी एकोणीस हजार मिळाले! हे आधी ठरवून ठेवायला हवं. वस्तू मागायला जाल तेव्हाच विचारा की वेळ आली तर दोन द्याल का.

तिसरा उपाय लिलाव अगदी रंगात आला की योजायचा. दोन-तीन वस्तू शिल्लक असताना पुकारणाऱ्याने थांबायचं आणि शाळेतल्या एखाद्या मुलीने पाच मिनिटांत सांगायचं की आत्ता पुस्तकं कुठे ठेवली आहेत, पावसाळ्यात त्यांचं काय होतं. भाषण नको, तिच्या शब्दांत सांगू द्या. त्यानंतर विकायला काहीच नाही, फक्त हात वर करायचे. पंचवीस हजारांत पुस्तकांचं एक कपाट, कोण देतं? दहा हजारांत वाचायचं टेबल? पाच हजारांत पंखा? हजारात गोष्टीच्या पुस्तकांचा एक संच? पाचशे? सुरुवात वरून करायची आणि खाली यायचं. खालून सुरू केलंत तर ज्याला दहा हजार द्यायचे होते तो पाचशेला हात वर करून मोकळा होतो. हरलेल्या बोलीचे पैसे बहुतेक इथेच येतात. ज्याची पेटी हुकली त्याच्या डोक्यात नऊ हजार हा आकडा तयारच असतो.

हे तीन उपाय पक्के ठरवून मग बाकीच्या तयारीला लागा.

तारीख ठरवताना तुमचा तालुका कोकणातला आहे, हे सोयीचं आहे. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात गावी येतात. गणपतीत प्रत्येकाच्या घरी गडबड असते, शिमग्यात पालखीपुढे दुसरं काही सुचत नाही. मे महिना बरा, पण पंचांग उघडून लग्नाची दाट तिथी टाळा. वेळ संध्याकाळची. निमंत्रण पत्रिकेवरच ‘लिलाव’ हा शब्द स्पष्ट छापा, म्हणजे माणसं मनाची आणि खिशाची तयारी करून येतील. स्नेहसंमेलनाला बोलावून ऐनवेळी बोली सुरू केली तर लोक अवघडतात, आणि तसं वागवणं बरंही नाही.

वस्तू गोळा करताना एक कसोटी लावा. प्रत्येक वस्तूपुढे वहीत दोन नावं लिहायची, ती वस्तू खरोखर हवीशी वाटेल अशा दोन माणसांची, आणि दोघंही त्या दिवशी येणार असलेली. दोन नावं सुचली नाहीत तर वस्तू कितीही चांगली असो, ती लिलावात नको. एकट्याने बोली चढत नाही. दुकानातून आणलेल्या मिक्सरला बोली बाजारभावाच्या पुढे जाणार नाही, कारण त्याची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. ज्याला बाजारभावच नाही अशी वस्तू शोधा. गणिताच्या निवृत्त सरांचा एक तास, जुन्याच वर्गात, जुन्याच बाकांवर, हजेरीसकट. हा एका माणसाने घ्यायचा नाही, एका वर्षाच्या अख्ख्या बॅचने मिळून बोली लावायची. तालुक्यातल्या नमन मंडळाचा एक प्रयोग, जिंकणाऱ्याच्या अंगणात. एखाद्या काकूंच्या हातचं दहा जणांचं जेवण, अळूच्या फतफत्यापासून मोदकांपर्यंत. यांपैकी कशालाच फारसा खर्च नाही.

माणसाच्या वेळेची बोली किती चढू शकते, याचं जगातलं मोठं उदाहरण वॉरन बफे यांच्यासोबतच्या जेवणाचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत बेघर आणि गरीब लोकांसाठी काम करणाऱ्या ग्लाइड संस्थेसाठी २००० साली हा लिलाव सुरू झाला. सुरुवातीला बोली पंचवीस हजार डॉलरच्या आसपास राहायची. २००३ साली लिलाव ई-बे या संकेतस्थळावर गेला आणि एकदम अडीच लाखांवर पोचला. जेवण तेच होतं, बोली लावणारे वाढले. मुंबईत जन्मलेले मोहनीश पाबराय यांनी २००७ साली आपल्या मित्रासोबत साडेसहा लाख डॉलर देऊन ते जेवण घेतलं. २०२२ साली, शेवटचा म्हणून जाहीर झालेल्या लिलावात, १ कोटी ९० लाख डॉलरची बोली लागली. तुमच्या गणिताच्या सरांसाठीही हे लागू आहे. पुण्या-मुंबईची किंवा दुबईची जी बॅच येऊ शकणार नाही, तिचा एक माणूस फोन कानाला लावून पटांगणात बसवा.

किती वस्तू? जाहीर बोलीला बारा पुरे. एका वस्तूला तीन मिनिटं धरली तरी जवळपास चाळीस मिनिटं होतात, आणि त्यापुढे लोक उठू लागतात. उरलेल्या लहान वस्तू टेबलांवर मांडा, प्रत्येकीसमोर एक कागद ठेवा. ज्याला हवी त्याने आपलं नाव आणि आकडा लिहायचा, पुढच्याने त्याच्या खाली वाढवून लिहायचं. जाहीर बोली सुरू होण्याआधी शिट्टी वाजवून हे कागद गोळा करायचे. ज्यांना चारचौघांत ओरडायचा संकोच वाटतो, विशेषतः ज्या बायका जत्रेतल्या बोलीत कधी तोंड उघडत नाहीत, त्यांच्यासाठी ही पद्धत फार चांगली आहे.

पुकारणारा माणूस मात्र पारखून घ्या. पाहुणा नट आणायची गरज नाही. बैलगाडा शर्यतीचा किंवा कुस्तीच्या फडाचा निवेदक हजार पाहुण्यांना भारी पडेल, कारण त्याला आवाज टिपेला कधी न्यायचा आणि कधी थांबायचं हे कळतं. त्याच्या हातात लोकांच्या नावांची यादी द्या. ‘मागच्या रांगेतले निळे शर्टवाले’ म्हणण्यात आणि ‘ब्याऐंशीच्या बॅचचे अमुक’ म्हणण्यात बोलीचा फरक पडतो. सुरुवातीची किंमत अंदाजाच्या एक तृतीयांश ठेवा, म्हणजे पहिल्याच मिनिटाला पाच-सहा हात वर होतात. सगळ्यात मोठी वस्तू पहिली नको, शेवटचीही नको. आठवी किंवा नववी ठेवा, तेव्हा पटांगण भरलेलं आणि तापलेलं असतं. ‘एकवार, दोनवार’ झाल्यावर क्षणभर थांबून हरणाऱ्याकडे बघायचं, ‘तीनवार’ची घाई करायची नाही.

आणि त्याला एक गोष्ट बजावून सांगा. गावात भावकीचे जुने वाद असतात. दोन घरं एकमेकांना खाली पाडण्यासाठी बोली वाढवू लागली, तर पुकारणाऱ्याला ते सगळ्यात आधी कळतं. तिथे त्याने बोली तापवायची नाही, ‘दोघांनाही एकेक’ म्हणून सोडवायची. ईर्षेने लावलेली बोली दुसऱ्या दिवशी वसूल होत नाही आणि झाली तरी त्या घरातल्या बाईच्या तोंडून शाळेला दुवा मिळत नाही.

पैसे त्याच संध्याकाळी. पुकारणाऱ्याच्या शेजारी दोघे जण स्वतंत्र वह्यांत नाव, वस्तू, आकडा लिहितील आणि जेवणाआधी दोन्ही वह्या ताडून पाहतील. बाहेर पडायच्या वाटेवर यूपीआयचा फलक, चेक घेणारा माणूस, पावती लिहिणारी बाई आणि तिथेच वस्तूंचं वाटप. मांडव, ध्वनिक्षेपक, जेवण यांचा खर्च लिलावाच्या पैशांतून काढू नका. तो उचलायला एखादा देणगीदार आधीच शोधा, म्हणजे ‘तुमचा प्रत्येक रुपया ग्रंथालयाला’ असं व्यासपीठावरून खरं सांगता येईल. आठवड्याच्या आत जमाखर्च शाळेच्या फलकावर आणि बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर लागला पाहिजे, पैशापैशाचा.

प्रश्न : आमच्या संघाची नोंदणी नाही. काही मित्र अमेरिकेत आहेत, ते तिथून बोली लावायला तयार आहेत. लिलावातल्या रकमेवर प्राप्तिकरात ८०जीची सवलत मिळेल, असं पत्रकात छापावं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : छापू नका. ८०जीची सवलत देणगीला असते. ज्याने दहा हजार देऊन चित्र नेलं त्याने त्या पैशांच्या बदल्यात काहीतरी घेतलं आहे, ते सरळ दान नव्हे. वस्तू देणाऱ्यालाही ही सवलत नाही, कारण ती पैशाच्या रूपातल्या दानालाच आहे. वर सांगितलेल्या हात वर करण्याच्या फेरीत मात्र कोणी काही विकत घेत नाही, ती निखळ देणगी असते. पैसे स्वीकारणाऱ्या संस्थेकडे मान्यता असेल तर त्या रकमेची पावती देता येते. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर सवलत जाते, म्हणून लोकांना चेक किंवा यूपीआयकडे वळवा. एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तर प्राप्तिकर कायद्यात बसतच नाही. पावत्यांची पुस्तकं दोन वेगळ्या रंगांची छापा, एक विक्रीचं, एक देणगीचं, आणि पत्रक छापण्याआधी सीएंना दाखवा.

नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी जी परवानगी घेतात ती हीच. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे शाळा चालवणारी संस्था नोंदलेली असते, पैसे थेट तिच्याच खात्यात जाऊ द्यावेत आणि संघाने फक्त राबावं. त्याआधी संस्थेकडून लेखी ठराव घ्या की ही रक्कम ग्रंथालयाच्या खोलीशिवाय दुसरीकडे वळवली जाणार नाही. हा ठराव मागायला संकोचू नका. पैसे जमल्यावर तो मागणं फार जड जातं.

अमेरिकेतल्या मित्रांचं दोन गटांत पाहा. ज्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे ते आपल्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतात, ती परदेशी देणगी धरली जात नाही. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आहे त्यांची देणगी मात्र परदेशी ठरते, ओसीआय कार्ड असलं तरीही. ती घ्यायला संस्थेकडे परदेशी देणगी नियमन कायद्याची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी लागते. ती नसेल तर त्या मित्रांचा एक रुपयाही घेऊ नका आणि ‘भावाच्या खात्यातून पाठवतो’ हा मार्गही धरू नका. त्यांना दुसरं काम द्या. मायदेशी सुट्टीवर येतील तेव्हा शाळेतल्या मुलांशी बोलण्याचे तास ते देऊ शकतात, पुस्तकांची यादी करून देऊ शकतात, इथे राहणाऱ्या आपल्या वर्गमित्रांना फोन करून पटांगणात आणू शकतात.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या लिलावासाठी एकांनी आजोबांच्या काळातलं सांबराचं डोकं देऊ केलं आहे, दुसऱ्यांनी देवघरातली जुनी पितळी मूर्ती. शिवाय शंभर रुपयांची तिकिटं काढून शेवटी लकी ड्रॉ ठेवावा, अशीही सूचना आली आहे. यात काही अडचण आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तिन्हींत आहे. सांबराचं डोकं किंवा शिंगं, वाघनख, हस्तिदंत, यांतलं काहीही विकता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आहे आणि घरात बाळगायलाही मालकीचं प्रमाणपत्र लागतं. त्यांना ते आदराने परत करा आणि वनविभागात चौकशी करायला सांगा. मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावशेष ठरते. पुरावशेषांची विक्री १९७२च्याच दुसऱ्या एका कायद्याखाली येते, परवाना आणि नोंदणी लागते. हस्तलिखितांना तर पंचाहत्तर वर्षंच पुरतात. वय नक्की सांगता येत नसेल तर लिलावात घेऊ नका.

तिकीट विकून सोडत काढणं ही कायद्याच्या दृष्टीने लॉटरी आहे, आणि १९९८च्या लॉटरी नियमन कायद्यानुसार लॉटरी चालवण्याचा अधिकार राज्य सरकारांचा. हेतू चांगला आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही. त्याऐवजी त्याच शंभर रुपयांत सगळ्यांना चहा-फराळ द्या आणि लिलावात बसवा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण संघाच्या बैठकीत हेही बोलून घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावी आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीला सरपंचपदाची बोली लागल्याचं उघड झालं, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या ग्रामपंचायत निवडणुकाच रद्द केल्या. उमराण्याची बोली दोन कोटींच्या घरात गेली होती आणि पैसे देवळाच्या बांधकामासाठी होते. तेव्हा संघाचं अध्यक्षपद, समितीतली जागा, सभागृहाच्या दुरुस्तीचं कंत्राट, यातलं काहीही, कोणी कितीही मोठ्या मनाने सुचवलं तरी, बोलीच्या यादीत येऊ देऊ नका.